शुद्धीवर आला म्हणजे वाचला, असं नसतं

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, मुलाच्या शाळेतल्या पालकांकडून आणि शेवटी आमच्याच वॉर्डातल्या मावशींकडून. ‘अपघातात डोक्याला मार लागल्यास खात्रीशीर उपाय’ असं वर, ‘जनहितार्थ, पुढे पाठवा’ असं खाली. मधला मजकूर थोडक्यात असा: हेल्मेट लगेच काढा. जखमीला उठवून बसवा. कांदा हुंगवा, साखरपाणी पाजा. काहीही झालं तरी झोपू देऊ नका. नाकाकानातून रक्त येत असेल तर कापूस कोंबा. शुद्धीवर येऊन बोलायला लागला आणि उलटी झाली नाही, तर धोका टळला, खुशाल घरी न्या. आणि पोलीस केस असते, म्हणून स्वतः फार गुंतू नका.

मी नवी मुंबईत कॅज्युअल्टीत नर्स आहे. सायन-पनवेल हायवे, पाम बीच रोड, ठाणे-बेलापूर रोड, या तिन्ही रस्त्यांवर पडलेली माणसं आमच्या स्ट्रेचरवर येतात. मेसेज पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, ती मला कळते. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ जखमीच्या जिवावर बेतू शकते.

सगळ्यात घातक ओळ आधी घेते: ‘बोलायला लागला म्हणजे धोका टळला.’

एका पावसाळ्यात रात्री एक वाजता विशीतल्या एका मुलाला घेऊन रिक्षा आमच्या दारात थांबली. बाईक घसरली होती आणि हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. पडल्यावर मिनिटभर त्याला शुद्ध नव्हती, मग आपणहून उठून बसला. मित्रांशी नीट बोलला, आरसा फुटला म्हणून हळहळला, टपरीवर चहा प्यायला आणि घरी जाऊन झोपला. त्याचं घोरणं आईला काहीतरी वेगळं वाटलं. तिने हाका मारल्या, हलवलं, पण तो उठेना. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, टॉर्च मारला तरी आकसत नव्हती. शर्टाला कांद्याचा वास येत होता.

कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते, मग कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचायला लागतं. कवटी ताणत नाही, जागा तेवढीच राहते. सुरुवातीला मेंदू सांभाळून घेतो, माणूस बोलतो, चालतो, चहा पितो. जागा संपली की तासाभरात, कधी काही तासांत, तो ढासळतो. या मधल्या बऱ्या वाटणाऱ्या वेळाला डॉक्टर ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. खरं तर तीच वेळ हाताशी असते. त्या वेळात सीटी स्कॅन होऊन ऑपरेशन झालं, तर असे कितीतरी पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जातात. हा मुलगा वाचला, पण त्याचा उजवा हात अजून खांद्यावर जात नाही.

म्हणून क्षणभरही शुद्ध हरपली असेल, तर माणूस कितीही ठीक दिसला तरी त्याला दाखवायचंच. उलटी झाली नाही, यात दिलासा नाही. एकापेक्षा जास्त उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, तेच तेच प्रश्न विचारणं, फिट येणं, एका बाजूचा हातपाय ढिला पडणं, बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं होणं, यातलं एकही दिसलं तर मिनिटही घालवू नका. घरातल्या ज्येष्ठांबाबत तर जास्तच सावध राहा. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्याच्याभोवतीच्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या पडण्यानेही हळूहळू रक्त साचतं. कधी दोन-तीन आठवड्यांनी बाबा अडखळत चालायला लागतात आणि ते वयामुळे असेल असं घरच्यांना वाटतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पट्टी सोबत घेऊन या.

‘झोपू देऊ नका’ यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवतं. झोपल्यामुळे आतला रक्तस्राव वाढत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्यावं, पहिले 24 तास सोबत कोणीतरी असावं, इतकंच. रस्त्यावर माणूस पेंगायला लागला तर ते धोक्याचं लक्षण आहे आणि ते चापट्या मारून जात नाही. त्याला जागं ठेवायला गदागदा हलवतात, तेव्हा मान हलते, आणि मानेबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

डोकं आपटलं की मानेच्या मणक्यालाही मार लागलाय असं धरूनच चालायचं. मोडका मणका जागच्या जागी असेपर्यंत हातपाय शाबूत राहू शकतात. उठवून बसवलं, दोघांनी काखेत धरून रिक्षात कोंबलं, की प्रत्येक स्पीड ब्रेकरला ते डोकं मागेपुढे झुलतं. मग काय करायचं? गाड्या थांबवायला एकाला उभं करा. दुसऱ्याने जखमीच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही कोपरं जमिनीला टेकवायची आणि तळहात दोन्ही कानांवरून धरून डोकं आहे तसं स्थिर ठेवायचं. ‘दादा, हलू नका, मी डोकं धरलंय’ असं त्याच्याशी बोलत राहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, दहा मिनिटांत हात भरून येतात, पण अँब्युलन्स येईपर्यंत याहून मोठी मदत दुसरी नाही. बेशुद्ध माणसाला उलटी होत असेल, तर दोघातिघांनी डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी वळवून त्याला कुशीवर घ्या. श्वासाची वाट मोकळी राहणं मानेपेक्षाही आधी. श्वास चालतच नसेल, तर छातीच्या मध्यावर जोराने दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा.

हेल्मेटचंही तसंच. श्वास नीट चालू असेल तर काच वर करा, पट्टा सैल करा आणि हेल्मेट राहू द्या. ते खेचून काढताना मानेला झटका बसतो. श्वास बंद असेल किंवा आत उलटी होत असेल तरच काढा, तेही दोघांनी. एकाने खालून मान आणि जबडा धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने हळूहळू सरकवायचं.

कांद्याने काही होत नाही, चप्पल हुंगवूनही नाही. साखरपाण्याने मात्र होतं: अर्धवट शुद्धीत घोट श्वासनलिकेत जातो, आणि ऑपरेशन करायचं झालं तर भरलं पोट भूल देणाऱ्या डॉक्टरांना अडचणीत आणतं. ओठ सुकले तरी पाणी नाही. डोकं दुखतंय म्हणून डिस्प्रिन तर मुळीच नको, ती रक्त गोठू देत नाही.

कापसाबद्दल. नाकातून किंवा कानातून पातळ, पाण्यासारखं काही येत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, म्हणजे कवटीच्या तळाला तडा गेलेला असू शकतो. बोळा कोंबला की ते आत अडतं आणि जंतू आत जायला वाट मिळते. बाहेरून स्वच्छ कापड नुसतं धरा. डोक्याच्या कातडीची जखम खूप वाहते, तिथे मात्र ओढणी किंवा रुमालाची घडी दाबून धरा, सारखी उचलून बघू नका. हाड खचल्यासारखं, मऊ लागलं तर त्या जागी दाब देऊ नका. हळद, कॉफी, चुना काही भरू नका, ते साफ करण्यात आमचा वेळ जातो.

राहिली पोलिसांची भीती. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलं. नाव सांगण्याची, साक्षीदार होण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीला योजनेतल्या हॉस्पिटलांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याची सोय आहे. तेव्हा 108 लावा, तो फुकट आहे. लागला नाही तर 112. फोनवर दिशाही सांगा: ‘पाम बीचवर आहे’ एवढ्याने भागत नाही, वाशीकडून बेलापूरला जाणारी बाजू की उलटी, आणि जवळचा सिग्नल कोणता, हे सांगा. चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला वळसा घालावा लागतो. अँब्युलन्स येण्याची चिन्हंच नसतील तर टेम्पो किंवा मोठ्या गाडीत आडवं झोपवून, डोकं धरून न्या, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच न्या.

आल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो: किती वाजता पडला, किती वेळ शुद्ध नव्हती? डॉक्टरांचा अंदाज त्यावर बांधला जातो. त्या मुलाच्या मित्रांना ते सांगता येईना, एक म्हणे नऊ, दुसरा म्हणे साडेदहा. शेवटी एकाला आठवलं, त्याने फुटलेल्या आरशाचा फोटो काढला होता. त्यावर वेळ होती 9.52.