बादलीचं तोंड मोजा, पाण्याची खोली नको

घरी पाऊस मोजण्यावरच्या एका लेखात अंगणातल्या बादलीत पट्टी उभी धरून पाऊस मोजायला सांगितलंय. कल्पना छान, पण आकडा फुगतो. बादली वर रुंद, खाली अरुंद असते. तोंडाचा व्यास 30 सेंमी आणि बुडाचा 22 असेल, तर 10 मिमी पाऊस पट्टीवर जवळपास 18 मिमी दिसतो. म्हणून साचलेलं पाणी मापाने मोजा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. 30 सेंमी तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे 707 चौ. सेंमी, म्हणजे 1 मिमी पावसाला साधारण 71 मिली पाणी. लिटरभर जमलं तर 14 मिमी पाऊस झाला. सरळसोट डबा असेल तर मात्र पट्टी चालते.

जागा त्याहून महत्त्वाची. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. गच्चीवर वाऱ्यामुळे थेंब तोंडावरून उडून जातात, पाऊस कमीच भरतो. डब्याची कड जमिनीपासून 30 सेंमीवर ठेवा, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत येतात. उघडीप असेल तर पाणी वाफ होऊन उडतं, त्यामुळे तोंडावर नरसाळं बसवलेलं बरं. अशा वेळी क्षेत्रफळ नरसाळ्याच्या तोंडाचं धरायचं!

नोंद सकाळी साडेआठला घ्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, मध्यरात्रीपासून मोजलेला आकडा त्यांच्याशी जुळणार नाही. 24 तासांत 64.5 मिमीच्या पुढे गेलं की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं.