अर्धं तिकीट

“पोर कुठाय?” बेळगावातल्या एका थिएटरच्या तिकीटखिडकीतून प्रश्न आला.

मी जपानी ॲनिमेशनपटाचं एक तिकीट मागितलं होतं. पिकलेले केस, हातात छत्री आणि सोबत एकही लेकरू नाही, एवढ्यावरून खिडकीतल्या गृहस्थाला माझा संशय आला असावा. “पोर नाही, मीच बघणार,” म्हटल्यावर त्यानं आत तोंड करून विचारलं, “एकटा मोठा माणूस चालतोय काय?” मोठा माणूस चालत होता. शो चालत नव्हता. “दहा माणसं झाली तर लावूया. तुम्हाला धरून नऊ. बसा की पायरीवर.”

पोस्टरवर ‘यूए १३+’ ठळक छापलेलं होतं. २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्राची वर्गवारी ७+, १३+, १६+ अशी झाली आहे. तेराच्या आतल्या पोराला पालकांनी जपून दाखवावं, असा तिचा अर्थ. सोबत पोर आणणं बंधनकारक आहे असा नव्हे. हे मी खिडकीला समजावत होतो तेवढ्यात दोन बारकी पोरं घेऊन एक बाई आत गेल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. पडद्यावर मुंडकी उडणार होती, पण कार्टून म्हणजे बाळांचं, हा इथला ठाम सिद्धांत.

बाकी पाच पोरं उद्यमबागेकडच्या कॉलेजची. म्हणजे अडलं होतं ते दहाव्या माणसावर. आणि दहावा माणूस समोरच उभा होता. गणपत गल्लीतून भाजी घेऊन आलेले एक काका, पाऊस थांबायची वाट बघत पोर्चमध्ये.

“काका, एक तिकीट घ्या की. एसी हाय,” खिडकी म्हणाली.

“कसला पिच्चर?”

“कार्टून. जपानचा.”

काकांनी मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मग अर्धं तिकीट द्या.”

“अर्धं बारक्या पोरांना, तेपण हितं न्हाई.”

“वयाचं न्हवं गा. हिरो हाय काय यात?”

“न्हाई.”

“हिरोईन?”

“चित्रंच हाईत सगळी.”

“मग पैसे कुणाला देऊलायसा? चित्र काय मानधन मागतंय?”

इथं मला राहवलं नाही. चित्र मानधन मागत नाही, पण ते काढणारा मागतो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी जातात. दोन तासांच्या चित्रपटाच्या झाल्या १,७२,८०० चौकटी. काकांना आकडा पटला. मग मी नको तेवढं खरं बोललो. हाती काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं पुरतात.

“बघा,” काका खिडकीकडं वळले, “निम्मीच काढल्यात. अर्धं तिकीट.”

पोरं टाळ्या वाजवायला लागली. खिडकी माझ्याकडं असं बघायला लागली की जणू मीच काकांना पढवून आणलंय. वर काकांनी कायदाही काढला, सरकारनं दोनशेच्या वर तिकीट नको म्हटलंय. म्हटलं होतं खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं दोनशे रुपयांची कमाल मर्यादा जाहीर केली, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. “म्हणजे कोर्टालापण कार्टून आवडतंय,” काका म्हणाले आणि पूर्ण तिकीट काढलं. पाऊस वाढला होता.

इथं असले चित्रपट चालतात का, हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आता मनापासून राग येतो. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागला, तो हजारो चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली म्हणून. २०२५ च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ला मोठ्या शहरांत लोक पहाटेच्या खेळांना गेले. तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. सीमाभागात दोन्ही बाजूंवर एकदमच अन्याय होणं हा दुर्मीळ योग, पण मोर्चा कुणीच काढला नाही. पाटी कुठल्या भाषेत हवी यावर आपल्याकडं काचा फुटतात, जपानीवर मात्र कुणाचा आक्षेप नाही. भाषांतर जमत नाही म्हणावं तर २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ दहा भाषांत आला होता. त्यात मराठी होती आणि कन्नडही.

अडतं ते वेळेवर. असल्या चित्रपटाला खेळ मिळतो सकाळी साडेनऊचा नाही तर रात्री पावणेअकराचा. सकाळी पोरं कॉलेजात. रात्रीचा खेळ सुटतो एकच्या पुढं, तेव्हा खानापूर-निपाणीच्या पोरानं जायचं कशानं? शुक्रवारी चार डोकी येतात, शनिवारी पोरं एकमेकांना सांगतात, रविवारी जरा गर्दी होते, आणि सोमवारी खेळ काढलेला असतो. कारण विचारलं तर, ‘प्रतिसाद नाही.’ मल्टिप्लेक्सांचा हिंदी चित्रपटांसाठीचा जुना हिशेब असा, की पहिल्या आठवड्यात वितरकाला निव्वळ उत्पन्नाचे पन्नास टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस. म्हणजे चित्रपट टिकला तर थिएटरचाच वाटा वाढतो. पण टिकवायचा कुणी? शनिवारी दुपारी चारचा एक खेळ सलग दोन आठवडे द्या, मग बोला.

तालुक्यातल्या एकपडदा थिएटरांचं दुखणं आणखी वेगळं. असले चित्रपट आणणारे हॉलिवूडचे स्टुडिओ डीसीआय, म्हणजे डिजिटल सिनेमासाठी त्यांनीच ठरवलेल्या दर्जाचा प्रोजेक्टर आणि सर्व्हर मागतात. स्वस्तातली उपग्रहावरून येणारी यंत्रणा त्यांना चालत नाही. चित्रपटाची फाइल कुलूपबंद येते. तिची किल्ली त्याच एका सर्व्हरसाठी बनवलेली असते आणि ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. सर्व्हरचा मीडिया ब्लॉक, म्हणजे कुलूप उघडणारा भाग, बदलला आणि कळवायचं राहिलं, तर किल्ली असून कुलूप उघडत नाही. प्रेक्षक बाहेर, चित्रपट आत.

आमचं कुलूप उघडलं. पण आधीच्या खेळाला स्कोपचा, म्हणजे जास्त रुंद चौकटीचा सिनेमा होता आणि प्रोजेक्टर तसाच सोडलेला. आमचा चित्रपट फ्लॅट, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद. स्कोपच्या झूमवर फ्लॅट चित्र लावलं की रुंदी बरोबर बसते, पण वरचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर सांडतो. वर नायकाची शेंडी गेली, त्याचं दुःख नाही. खाली सबटायटल्स गेली. जपानी चित्रपट, इंग्रजी सबटायटल्स, आणि ती काळ्या कापडावर! उपाय एका बटणाचा. फ्लॅटचा प्रिसेट दाबायचा, लेन्स आपोआप सरकते. बटण दाबणारा दुसऱ्या स्क्रीनवर होता.

“काय म्हणूलाय त्यो?” काकांनी अंधारात विचारलं. मागच्या रांगेतल्या पोरांना गोष्ट पाठ होती. त्यांनी काकांसाठी बेळगावी मराठीत चालू भाषांतर सुरू केलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तेवढंच पैसे वसूल झाल्यासारखं होतं. राक्षस “तुला आता सोडत न्हाई मर्दा” म्हणाला तेव्हा बाईंची पोरं रडायची थांबली.

या चित्रपटांना मध्यंतर नसतं. ते थिएटर पाडतं. तलवार अर्ध्यावर, तोंड उघडं, आणि दिवे लागले. काका उठले ते थेट खिडकीवर. मीही गेलो, मागून पाचही पोरं.

“खालचं दिसंना झालंय. अर्धाच पिच्चर दाखवूलायसा, अर्धे पैसे परत द्या.”

खिडकीनं शांतपणे आमच्याकडं बघितलं. “पैसे परत मिळत न्हाईत. समोसे गरम हाईत.”