गेममध्ये आपल्याला माहीत असतं ना!

लेखात म्हटलंय की व्हिडिओ गेम म्हणजे जागेपणी बघितलेलं स्वप्न, पण मला हे अर्धंच पटतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये जो मुद्दा मांडला तो असा की स्वप्न चालू असताना ते स्वप्न आहे हे ओळखायची खात्रीची खूणच नसते, आणि गेममध्ये तर हातात कंट्रोलर असतो, पॉजचं बटण असतं, आपण कुठे बसलोय हे पक्कं ठाऊक असतं तरीही बॉस, म्हणजे गेममधला सगळ्यात तगडा शत्रू, समोर आला की छातीत धडधडतंच! मला खरं कोडं हे वाटतं, म्हणजे खोटं आहे हे माहीत असूनही भीती खरी कशी?

आणि एक राहिलंच, २००० साली झोपेवर संशोधन करणाऱ्या स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम) खेळायला लावलं तर झोप लागताना बऱ्याच जणांना पडणारे ठोकळे दिसले, त्यात स्मृतिलोप (अ‍ॅम्नेशिया) असलेले काही पेशंटही होते ज्यांना आपण खेळलोय हेच आठवत नव्हतं!! म्हणजे गेम स्वप्नात शिरतो तो आठवणीला न विचारता. मग तिथे ठोकळे बघणारा ‘मी’ कोण? मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) या तिन्हींच्या पलीकडे चौथी तुरीय, म्हणजे निव्वळ जाणिवेची, अवस्था सांगितलीय, त्या अंगाने लेखकाने पुढचा भाग लिहावा ही मनापासून विनंती.