मिनार्स्की आणि मागच्या टरेटचं दार

दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडाच्या अँड्र्यू मिनार्स्कीच्या नावामागचं ‘पायलट ऑफिसर’ वाचून त्याला वैमानिक समजू नका. तो नुसता हुद्दा आहे. विनिपेगचा हा मुलगा पोलिश स्थलांतरितांचा; हवाईदलात येण्याआधी चामडं कापण्याचं काम करायचा. लँकेस्टर बॉम्बरमध्ये त्याची जागा विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकीच्या फिरत्या खोबणीत, मशीनगनमागे. गेला तेव्हा २७ वर्षांचा होता.

१२ जून १९४४ च्या रात्री कॅनडाच्या ४१९ स्क्वाड्रनचं केबी७२६ हे विमान इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जहून फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालं. या सातजणांची ही तेरावी मोहीम, आणि मध्यरात्र उलटल्यावर तारीखही १३. लोक हा योग फार चवीनं सांगतात. मला विचाराल तर त्या रात्रीचा घात हायड्रॉलिक तेलानं केला.

लँकेस्टरचं शेपटाकडचं टरेट तेलाच्या दाबावर फिरतं आणि तो दाब डाव्या पंखावरच्या बाहेरच्या इंजिनाकडून येतो. युंकर्स ८८ या जर्मन लढाऊ विमानाच्या माऱ्यात डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, त्यांच्याबरोबर दाबही गेला. मागचा गनर पॅट ब्रोफी याचं टरेट अडकलं. आता त्याची अडचण समजून घ्या. टरेट इतकं अरुंद, की पॅराशूट आत ठेवायला जागाच नाही. ते दाराबाहेर, विमानाच्या धडात. सुटायचं तर आधी टरेट सरळ करायचं, दारं उघडून हात मागे घालायचा, पॅराशूट छातीला अडकवायचं, मग टरेट आडवं फिरवून पाठीवर बाहेर झोकून द्यायचं. यातलं फिरवणंच बंद पडलं. अशा वेळेसाठी हातानं फिरवायचा दांडा असतो, तोही तुटला.

कॅप्टननं उडी मारायचा हुकूम दिला होता. मिनार्स्की दारापाशी पोचला होता. मागे वळून पाहिलं तर ब्रोफी कोंडलेला, आणि दोघांच्या मध्ये पेटलेलं तेल. तो त्यातून रांगत गेला, आगीसाठीच्या कुऱ्हाडीनं टरेट फोडायला लागला, मग नुसत्या हातांनी. टरेट हललं नाही. ब्रोफीनंच त्याला हातानं ‘जा’ म्हणून खुणावलं. कमरेपर्यंतचे कपडे आणि पॅराशूट पेटलेलं असताना तो तसाच मागे मागे सरकत दाराशी आला, सॅल्यूट ठोकला आणि काहीतरी बोलला. ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ब्रोफीच्या मते ते शब्द ‘गुड नाइट, सर’ असेच होते, रोज रात्री निरोप घेताना दोघे थट्टेनं म्हणायचे ते.

मिनार्स्की जमिनीवर जिवंत पोचला आणि भाजल्यामुळे वारला. मेहारिकूरच्या गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. ब्रोफी मात्र विमान आपटताना टरेटमधून बाहेर फेकला गेला आणि जवळपास धडधाकट राहिला! बाकीचे पाचही वाचले.

मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, जाहीर व्हायला ऑक्टोबर १९४६ उजाडला. आपले सैनिक यशवंत घाडगे मिनार्स्कीनंतर महिनाभरानं, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांचा क्रॉस त्याच वर्षी जाहीर झाला. त्यांचा पराक्रम पाहणारे रणांगणावर होते. मिनार्स्कीच्या बाबतीत आगीपलीकडे एकच प्रत्यक्षदर्शी होता, ब्रोफी, आणि त्याचं वाचणं कुणाच्याच हिशेबात नव्हतं. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बर विमानांच्या विभागाचे, ५५,५७३ जण मेले. बहुतेक विमानांतून सांगायला कुणी परतलंच नाही.