न रडणाऱ्या पेशंटचे दुखणे

आज सकाळी राउंडच्या आधी आमच्या वॉर्डातली एक तरुण सिस्टर सातपुड्यातल्या धडगावकडच्या एका आदिवासी बाईवर सर्वांसमक्ष ओरडली, "कितीदा विचारलं तरी तोंड उघडत नाहीत, यांना बरं व्हायचंच नसतं!" त्या बाईने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. माझा संताप अजून उतरलेला नाही.

बोलत नाही म्हणजे दुखत नाही, हा समज आपल्या खान्देशातल्या दवाखान्यांत इतका मुरला आहे की तो आता कुणाला खटकतही नाही. काही वर्षांपूर्वी सिकलसेलची एक पावरा आदिवासी मुलगी आमच्याकडे दाखल होती. या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत उठणारी कळ भल्याभल्यांना सोसत नाही. ही मुलगी मात्र गोधडीचे टोक दातांत धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि केसपेपरवर 'विशेष तक्रार नाही' असा शेरा होता. शेवटी वॉर्डातल्या तळोद्याकडच्या मावशी तिच्या आजीजवळ फरशीवर बसल्या, त्यांच्या बोलीत आधी गाव विचारले, यंदा मोहाची फुले कशी पडली ते विचारले, तेव्हा कुठे आजीने नातीच्या नडगीवर हात ठेवून दाखवला. वेदनाशामक इंजेक्शन त्यानंतर मिळाले, जे आदल्या रात्रीच मिळायला हवे होते.

'समजलं का?' म्हटल्यावर पाड्यावरची बाई मान हलवते ती आपला मान राखण्यासाठी; गोळी कधी घ्यायची हे तिच्याच तोंडून वदवून घ्यायला हवे. जिच्या घरी भगर आणि उडीद आहे तिला आपण सफरचंद आणि पनीर खायला सांगतो. होळी जवळ आली की सातपुड्यातला पेशंट घरी जायचे म्हणतो, आणि होळी त्याच्या वर्षातला सर्वांत मोठा सण आहे हे ठाऊक असूनही आपण त्याला अडाणी ठरवतो. प्रसूतीच्या वेळी सोबतीला हवे ते माणूस असावे आणि बाईला सोयीच्या स्थितीत राहू द्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. सातपुड्यातल्या सुईणींना ते कुणी सांगावे लागले नव्हते.

एकेका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, नाइट ड्यूटीत पाणी प्यायलाही फुरसत नसते, हे मान्य आहे. पण ओरडायलाही वेळ लागतोच. त्या मुलीच्या आजीशी बोलायला मावशींना चहा प्यायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नव्हता.

लिहिता लिहिता त्या तरुण सिस्टरवरचा राग मात्र ओसरत चालला आहे. शहरात वाढलेल्या या मुलीला समाजशास्त्र पुस्तकातून शिकवले आणि एकही पाडा न दाखवता थेट वॉर्डात उभे केले, यात तिचा दोष किती? धुळे, जळगाव, नंदुरबारच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना रुग्णांशी बोलायला शिकवण्यासाठी अशा मावशींनाच वर्गात बोलवावे, आणि त्या तासाचे मानधन त्यांना डॉक्टरांच्या व्याख्यानाइतकेच द्यावे.