कृपादान ओळखा, पण पंचांना विचारून

भगिनींनो, देवाने तुमच्यापैकी प्रत्येकीला काही ना काही कृपादान, म्हणजे सेवेसाठी खास देणगी, दिलेलं आहे. ते कोणतं, हे तुमच्याआधी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांना माहीत असतं. तेव्हा उपास-प्रार्थना करून उगाच जीव शिणवू नका. रविवारी उपासना सुटली की दारापाशी पाच मिनिटं रेंगाळा. कोणीतरी येईल आणि म्हणेल, ‘वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!’ झालं. सापडलं तुमचं कृपादान. यंदा नाताळच्या करंज्या तुमच्याकडे.

कुणाकुणाला एवढ्याने समाधान होत नाही. त्या मोबाइलवर फिरणारी प्रश्नावली भरायला बसतात. भरा, पण जपून. ‘लोक तुमच्याकडे सल्ला मागायला येतात का?’ असं विचारलं, तर खरं असलं तरी ‘हो’ म्हणू नका. उत्तरात ‘नेतृत्व’ येतं आणि मग घरात, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये, सगळीकडे पंचाईत होते. ‘कधीकधी’वर बोट ठेवा. ‘सेवाभाव’ येतं. सेवाभाव आला की सगळे खूश, आणि सतरंज्या झटकायला माणूसही मिळतं.

बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, बारावा अध्याय, शक्यतो एकट्याने वाचू नका. त्यात शिकवण्याचं दान आहे, बोध करण्याचं आहे, पुढारीपण करण्याचं आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तर व्यवस्था पाहण्याचंही आहे. पण एवढ्या मोठ्या यादीपुढे पौलाने बाई आणि पुरुष असे रकाने पाडलेले नाहीत. घाईत असावा बिचारा. ते रकाने आपण नंतर पाडून घेतले, वार्षिक सभेत, एकमताने. तेव्हा बायका आत चहा गाळत होत्या.

आमच्या मंडळीतल्या एका काकूंचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवा. काकू बचत गटाचे हिशेब सांभाळतात. खाकी पुठ्ठ्याची वही, तिला आडवा रबर, आणि वहीत पेन्सिलीने ओढलेले रकाने. बँकेने व्याज चुकीचं लावलं होतं ते काकूंनी काउंटरवर उभ्या उभ्या दाखवून दिलं. मॅनेजरने आत बोलावून खुर्ची दिली. आठवडाभर काकू या अशा. रविवारी त्या चहाचा ट्रे घेऊन खजिनदारभाऊंच्या मागे उभ्या असतात. भाऊ अर्पणाची थैली टेबलावर पालथी करतात, बोटाला थुंकी लावून मोजतात आणि तीनदा मोजून तीन वेगळे आकडे काढतात. एकदा काकूंना राहवलं नाही. ‘भाऊ, पन्नासच्या नोटा दोनदा धरल्यात तुम्ही,’ एवढंच म्हणाल्या. भाऊंनी मान वर केली, घोट घेतला आणि म्हणाले, ‘वहिनी, साखर जरा कमी पडली आज.’ तेव्हापासून काकू साखरेकडे लक्ष देतात. हिशेब अजून जुळलेला नाही, चहा मात्र फक्कड होतो.

आता बायबल कसं वाचायचं ते सांगते. ‘स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये गप्प राहावे’ हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातलं वचन आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. ज्यांना दहा आज्ञा सलग म्हणता येत नाहीत त्यांनाही. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकांनी डोकं झाकावं की नाही याची चर्चा करत बसतो. म्हणजे बायका बोलत होत्या, वाद पदराचा होता. पण अकरावा अध्याय वाचायची गरज नाही, चौदावा पुरतो. मंडळीची सेविका फिबी, तिची शिफारस रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात आहे. तिथे पोचेपर्यंत उपासनेची वेळ संपवावी. प्रिस्किल्लेने नवऱ्याबरोबर बसून अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. तिथे ‘अक्विला व त्याचे कुटुंब’ असं म्हणून पुढे जावं. दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून अख्ख्या इस्राएलाचा न्याय करायची. तिचं चित्र शब्बाथ शाळेतल्या पोरांना रंगवायला द्यावं, झाड छान हिरवं येतं.

यापोची टबीथा तेवढी बिनधोक. आपल्यासारखीच बंदरावरची बाई, शिवणकाम करणारी. महिला मंडळाच्या भिंतीवर तिचं चित्र शोभून दिसतं. (खरं सांगायचं तर चहाला किंवा शिवणाला मी हसत नाही. टबीथा गेली तेव्हा गावातल्या विधवा तिने शिवलेले कपडे पेत्राला दाखवत रडत उभ्या होत्या; सुईचं काम एवढं मोठं असू शकतं. पण टबीथेला ते काम कुणी ठराव करून दिलं होतं, असं बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.)

एखादी आगाऊ मुलगी पंडिता रमाबाईंचं नाव काढेल. म्हणेल, त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, केडगावला बायकांच्या हातून छापून घेतलं. गडबडून जाऊ नका. लगेच म्हणा, ‘त्या असामान्य होत्या.’ या वाक्याचा मोठा उपयोग आहे. त्याने रमाबाईंचा मानही राहतो आणि समोरचीला जागेवर बसवताही येतं. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, घरात वाचायला शिकली. १९१९ साली नवरा ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य अर्धवट टाकून गेला, तर बहुतेक सगळं काव्य तिने लिहून पुरं केलं. आपण रेव्हरंड टिळकांचा अभिमान बाळगावा. ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. तेवढा पुरतो. २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं, असंही कुणी ऐकवील. ऐकून घ्या. दक्षिण फार लांब आहे, कोकण रेल्वेने गेलं तरी.

आणि घाई कशाला? स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले १८२३ साली. दोनशे वर्षं उलटून गेली. तुम्हीही आपलं कृपादान मुंबई-गोवा महामार्गासारखं ओळखायला घ्या. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, अजून कुणी म्हणालं का की काम थांबलंय?

सगळा दोष पंचांच्या माथी मारू नका, त्यांना महिला मंडळाची मोलाची साथ असते. तिथल्या ज्येष्ठ बाई अध्यक्षपदावर इतकी वर्षं आहेत की निवडणूक शेवटची कधी झाली ते त्यांनाच सांगता येईल. एखादी सून म्हणाली, ‘मी वचन सांगू का एकदा?’ तर त्या चष्म्यावरून बघतात. ‘गो, घरी विचारलंस?’ घरी विचारलेलं असलं तर, ‘सासूला विचारलंस?’ सासूलाही विचारलेलं असलं तर, ‘बरं, पुढल्या महिन्यात बघू.’ पुढला महिना आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीचा असतो, मग गणपतीच्या सुट्टीत पाव्हणे असतात, मग नाताळच्या करंज्या येतात.

इतकी काळजी घेऊनही कधीतरी प्रसंग ओढवतोच. समजा जुलै महिना आहे, आंबा घाटात दरड कोसळली आहे आणि कोल्हापूरचे पाहुणे वक्ते साखरप्याच्या पलीकडे अडकले आहेत. पाळकसाहेब तापाने आडवे. पंच एकमेकांकडे बघतायत, कुणाचा घसा बसलाय, कुणी चष्मा विसरलाय. अशा वेळी सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतील, कारण तुम्ही शाळेत शिकवता आणि बायबल उघडून बसलेल्या तुम्ही एकट्याच आहात. उठा. पण वेदीपाशी जाऊ नका, बाकाजवळूनच बोला. सुरुवातीला ‘मला काही फारसं येत नाही’ असं जरूर म्हणा. मग वीस मिनिटं बोला. पत्र्यावर पाऊस कोसळत असला तरी मागच्या बाकावरची म्हातारी पुढे येऊन बसली आणि नेहमी डुलक्या काढणारे खजिनदारभाऊ जागे राहिले, तर तिकडे लक्ष देऊ नका.

उपासना संपल्यावर कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही. फक्त इतिवृत्ताची वही येईल. त्यात लिहायचं, ‘पाहुणे न आल्यामुळे उपासना गीते व प्रार्थना यांनी पार पडली.’ लिहायला तुम्हालाच बसवतील. तुमचं अक्षर फार सुंदर आहे म्हणे.