नोटा छापून ठेव परत येत नसते, नाना

आमच्या गणगोताच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सावद्याच्या नानांनी टाकलेला मजकूर तिसऱ्यांदा फिरून आला: 'रिझर्व्ह बँक ही बँकांची बँक. सगळ्या बँकांचे पैसे तिच्याकडे जमा असतात, कमी पडले तर ती नोटा छापून देते. म्हणून बँक असो की पतसंस्था, ठेव बुडत नाही.' यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं.

जमा असतात, पण किती? शंभराच्या ठेवीमागे तीन रुपये. २०२५ मध्येच हे प्रमाण चारवरून तीनवर आलं. त्यावर बँकेला व्याजही नाही. बाकीचा पैसा सरकारी रोख्यांत आणि कर्जात, कुणाच्या ट्रॅक्टरवर, कुणाच्या ठिबकवर. आणि ते तीन रुपये काही तुमच्या नावाने बाजूला काढलेले नसतात. दिल्लीच्या व्यापाऱ्याने केळीचे पैसे आरटीजीएसने पाठवले, की रिझर्व्ह बँकेच्या वहीत त्याच्या बँकेचं खातं कमी होतं, तुमच्या बँकेचं वाढतं. बँकांची बँक म्हणजे मुख्यतः हे. गावात कुणाला दिसत नाही, म्हणून त्याचे फॉरवर्ड निघत नाहीत.

आता नोटा छापण्याचं. अडल्या बँकेला ती उसने देते, बहुधा सरकारी रोखे तारण घेऊन. सोनाराकडे पाटल्या ठेवाव्यात तसं. दोन दिवसांची ओढाताण असेल तर भागतं. पण जिची कर्जंच बुडाली, ती तारण ठेवणार काय? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने नोटांचा ट्रक नाही पाठवला. सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा दिली.

ठेवीला आधार असतो तो विम्याचा. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत. हप्ता बँक भरते.

आणि पतसंस्था? तिला ना रिझर्व्ह बँकेचा परवाना, ना हा विमा. ती सहकार खात्याकडे नोंदलेली, बहुराज्यीय असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. जळगाव जिल्ह्यात इतक्यांच्या ठेवी अडकून पडल्यावर हे मला लिहावं लागतंय, याचंच नवल. नाना, तुमच्याच घरात काकूंच्या कपाटात, पातळांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक ठेव पावती आहे. ती संस्था होती त्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. मजकूर चौथ्यांदा पाठवण्याआधी ती पिशवी एकदा उघडून बघा.